जाळीमागे धरलेली फांदी

धार लावणाऱ्याने कात्री उलटसुलट करून पाहिली, पात्यावरून हलकेच अंगठा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, हिने तुम्ही गुलाब छाटता की तारा तोडता?"

"तारा परवडल्या. त्या उलटून अंगावर येत नाहीत," बाई म्हणाल्या.

तो हसला आणि चाक फिरवू लागला. गुलाबाचा बहर ओसरला की बाई दर वर्षी ही छाटणीची कात्री घेऊन त्याच्याकडे यायच्या आणि दर वर्षी तो हेच विचारायचा. कात्री परत देताना त्याने सवयीने पुढचंही विचारून टाकलं, "मग, फांद्या धरायला काका तयार ना?" आणि विचारल्यावर त्याचा चेहरा पडला. काका थंडीतच गेले होते. तो अंत्ययात्रेला आला होता, चार पावलं खांदाही दिला होता.

"धार छान लागली," बाई म्हणाल्या. बिचाऱ्याची सुटका व्हावी म्हणून त्या लगेच निघाल्याही.

गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणत. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता निम्म्या गल्लीचे कान त्यांनी पिळले होते, आणि उरलेली निम्मी गल्ली त्यावरून वचकून होती. नवरा घड्याळजी. दुकान एवढंसं, आवाज त्याहून लहान. लोकांची घड्याळं बिनचूक चालवणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मात कुठे वेळेवर पोचला नाही. घरात कोणाचं चालायचं यावर वाद घालता आला असता, पण बागेत बाईंचं राज्य होतं. ते घड्याळजींना मुकाट मान्य होतं.

बाग म्हणजे काय, तर घरामागची जागा आणि तिथला एक वेली गुलाब. कुंपणाच्या भिंतीला धरून लाकडी पट्ट्यांची उंच जाळी उभी केलेली होती. भिंत आणि जाळी यांच्यात एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढी बोळकांडी सुटली होती. ती कुंपणाच्या कोपऱ्यापासून थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत जायची. जाळी गुलाबाने पुरती झाकून टाकली होती. वर्षातून एकदाच तो फुलायचा, पण फुलायचा तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. फुलं संपली की खरं काम सुरू. ज्या फांद्यांनी फुलं दिली त्या बुडापासून कापायच्या आणि यंदाचे हिरवे, लवचीक फुटवे जाळीवर आडवे निजवून, सुतळीला मधे एक पीळ देऊन सैल बांधायचे. फुटवा उभाच वाढू दिला तर फक्त शेंड्याला फुलतो. आडवा केला की अंगभर फुलतो.

हे काम एकट्याचं नव्हे. दोन पुरुष उंचीची फांदी बुडातून कापली की ताण सुटून वरचं सगळं फाडकन उसळतं, आणि त्याचे काटे असतात मागे वळलेले, आकड्यांसारखे. डोळा जायला वेळ लागत नाही. म्हणून बाई पुढून कापायच्या आणि घड्याळजी बोळकांडीत शिरून मागून फांदी धरायचे. पानांमुळे दोघं एकमेकांना दिसत नसत. सगळा कारभार आवाजावर.

"अहो, धरलंय का?"

"धरलंय."

कच्‌. मग बाई म्हणायच्या, "सोडा." आणि फांदी सावकाश, एखादी साडी खाली सोडावी तशी खाली यायची. सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, हा बाईंचा नियम. लग्नानंतर एका वर्षी बाई फांदी कापून दारात आलेल्या शेजारणीशी बोलत बसल्या. बोलणं संपलं, चहा झाला, शेजारीण गेली, तेव्हा कुठे त्यांना आठवण झाली. घड्याळजी बोळकांडीत फांदी धरून तसेच उभे.

"अहो, सोडायचं नाही का?"

"तू म्हणाली नाहीस," ते म्हणाले होते.

या वर्षी लेक आली होती ती आईला कायमची घेऊन जायलाच. एकुलती एक लेक. "छाटणी झाली की निघायचं, कारणं नकोत," असं तिने आल्या आल्या बजावलं होतं, आणि बाईंनी नेहमीसारखी हुज्जत घातली नव्हती. त्यांना जायचंच होतं. घर खायला उठत होतं. पानात वाढताना हात दुसऱ्या ताटाकडे जायचा आणि मधेच थांबायचा. आता जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आत स्वयंपाकघरात बसून मांडीवरच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करत होतं.

पहिल्या संध्याकाळी बाई एकट्याच जाळीपुढे उभ्या राहिल्या. उन्हं कलली होती. त्यांनी एक जुनी, जाड फांदी निवडली, तिच्या सुतळ्या सोडवल्या, कात्री बुडाशी लावली आणि उसळलीच तर तोंडावर घ्यायला नको म्हणून मान वळवली. मग सवयीने शब्द निघून गेले.

"अहो, धरलंय का?"

पानं हलायची थांबली होती. भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून एक सायकल गेली.

"धरलंय."

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पाठीच्या कण्यातून सरसरत गेली. पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी आत उसळलं आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तोच आवाज. घशात किंचित अडकणारा, हळू. त्यांनी कात्री दाबली. फांदी बुडातून तुटली आणि जागची हलली नाही.

आता "सोडा" म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला. सोडा म्हटलं की ते सोडतील, आणि सोडून झालं की इथे थांबायचं त्यांना काय कारण उरेल? बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पाऊल न वाजवता त्या आत गेल्या. कापलेली फांदी मागे तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशीही ती उभीच होती. पानं तेवढी मलूल झाली होती.

मग बाईंनी कामचुकारपणा सुरू केला. आयुष्यात प्रथमच. शाळेत मुलांनी असं केलं असतं तर त्यांनी पट्टी उगारली असती. रोज संध्याकाळी एखादीच फांदी कापायची, "सोडा" म्हणायचं नाही, आणि मग जाळीपुढे स्टूल घेऊन बसायचं नि बोलत राहायचं. किती बोलणं साठलं होतं! लेकीच्या लहानपणचं, तिच्या खोड्यांचं, तिला स्वतः अंगाईच्या चालीवर पाढे म्हणून झोपवलेलं, कशाने ती हसते, कशावर रुसते, घरात कोण कुठे बसतं, किल्ल्या कुठे असतात. बाई सांगत राहायच्या. जाळी ऐकत राहायची.

"अहो, बरे आहात ना?"

"धरलंय."

"थंडी वाजते का हो तिथे?"

"…धरलंय."

"माझी आठवण येते?"

मग, दम लागल्यासारखं, "धरलंय."

काहीही विचारलं तरी तेच. बाईंना आधी हसू आलं; हा माणूस जिवंतपणी तरी कुठे जास्त बोलायचा! पण पुढे पुढे त्या आवाजातला दम त्यांना जाणवायला लागला. जिन्यावरून कपाट चढवणारा हमाल बोलतो, तसा तो येत होता. कापलेल्या फांद्या आता नुसत्या उभ्या नव्हत्या, ताणलेल्या होत्या. मागच्या बाजूला ओढल्या जायच्या, पुन्हा इंचभर पुढे यायच्या, पुन्हा मागे. लाकडी पट्ट्या करकरायच्या. आणि वास. बहर सरलेल्या गुलाबाचा नव्हे. वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीत पाणी साचून राहावं, तसा गार, कुबट वास बोळकांडीतून पायांजवळ यायचा.

एका संध्याकाळी नेहमीच्या शब्दाऐवजी दुसराच आला.

"आत जा."

"का हो?"

"धरलंय… तू आत जा…"

बाई उठल्या, आत गेल्या आणि रात्रभर मनात म्हणत राहिल्या, किती दमलेत हो, माझ्यापायी किती दमलेत.

लेकीच्या हे लक्षात आल्याशिवाय कसं राहील? त्यानंतरच्या संध्याकाळी ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. आई जाळीशी बोलतेय हे तिने ऐकलं. तिने बोळकांडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"कोणी नाही तिथे, आई."

"मी कुठे म्हटलं कोणी आहे म्हणून?"

"मग बोलतेस कोणाशी? आणि ह्या फांद्या… बुडातून कापलेल्या, वाळलेल्या. उभ्या कशा राहिल्यात?"

"अडकल्या असतील."

लेकीने आईचा दंड धरून तिला आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. मग स्वतः जमिनीवर, तिच्या पायांशी बसली. लहानपणी चूक कबूल करायची असली की बसायची तशी.

"दवाखान्यात बाबा गेले तेव्हा तू त्यांचा हात सोडत नव्हतीस. सिस्टर मला म्हणाली, आता त्यांना सोडायला सांगा. मला नाही सांगता आलं. आज सांगते. सोड त्यांना, आई. मला पण तू हवी आहेस गं. निम्मी इथे आणि निम्मी माझ्याकडे, अशी नको."

लेक कधी रडायची नाही. आज तिचं नाक लाल झालं होतं.

"उद्या," बाई म्हणाल्या. "उद्या संपवते. परवा निघू आपण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाला लवकर हात घातला. फुलून गेलेली एकेक फांदी कापली. दर वेळी विचारलं, दर वेळी उत्तर आलं, अधिकाधिक खोल, अधिकाधिक दमलेलं. शेवटची फांदी कापून झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता आणि लेक ओट्याशी काहीतरी करत होती. जाळीभर कापलेल्या फांद्या नुसत्याच उभ्या होत्या, कशालाही न बांधलेल्या, थरथरणाऱ्या.

बाईंनी कात्री खाली ठेवली आणि जाळीला कपाळ टेकवलं.

"अहो, ऐका. फार केलंत माझ्यासाठी. जन्मभर केलंत. मी आता पोरीकडे जाते. तुम्ही दमलात, मला कळतंय. माझ्या स्वार्थापायी मी तुम्हाला इथे उभं केलं. आता बास." त्यांचा आवाज फुटला. "सोडा."

एकही फांदी खाली आली नाही.

"अहो, सोडा म्हणतेय ना."

"…नको."

बागेत घड्याळजींनी त्यांना कधी नको म्हटलं नव्हतं. बाईंना रडता रडता हसू आलं. हट्ट करतायत. जायचं नाहीये त्यांना.

"माझं ऐका," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "सोडा."

जाळीच्या मागे एक लांब श्वास सुटला. आणि मग, अगदी जवळून, पानांच्या पलीकडूनच:

"अगं… मी फांदी नव्हती धरली."

सगळ्या फांद्या एकदम ढासळल्या. त्यांचा ढीग बाईंच्या पायांपुढे येऊन पडला आणि जाळी मोकळी झाली. पट्ट्यांमधून पलीकडचं सगळं दिसू लागलं. बोळकांडीत कोणी नव्हतं. मात्र भिंतीचं प्लास्टर छातीच्या उंचीला, माणूस पाय रोवून रेटा देत उभा राहिला तर पाठ जिथे टेकेल तिथे, घासून गुळगुळीत झालं होतं. तो कुबट वास एक क्षण दाट झाला आणि बोळकांडीतून सरकत गेला, स्वयंपाकघराच्या दिशेने. त्याबरोबर पावलं वाजली. सपातांची. बाईंच्या चालण्यासारखीच, डावा पाय किंचित ओढत.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग लेकीचा, अगदी रोजचा.

"झालं का गं आई?"

आणि बाईंनी स्वतःचं उत्तर ऐकलं.

"झालं बाळा. सोडलं एकदाचं."

बाई धावल्या. आयुष्यात त्या अशा धावल्या नव्हत्या. दार आतून लावलेलं होतं. त्यांनी खिडकीची काच दोन्ही हातांनी बडवली.

"अगं, दार उघड! ती मी नाही! मी इथे आहे!"

लेक खिडकीशी आली. आधी काचेतून नुसती पाहत राहिली, मग तिच्या तोंडावरचा रंग उडाला. तिने मागे वळून पाहिलं. जेवणाच्या टेबलाशी, नेहमीच्या खुर्चीत, बाईंची साडी नेसलेलं कोणीतरी खिडकीकडे पाठ करून बसलं होतं.

"आई आत आहे," लेक काचेतून म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"अगं मी तुला पाढे म्हणून झोपवायचे! अंगाईच्या चालीवर—"

टेबलाशी बसलेली गुणगुणू लागली. हळू, गोड. बे एके बे, बे दुणे चार. चाल तीच. बाईंनी ती स्वतःच तर सांगितली होती, स्टुलावर बसून, संध्याकाळी.

लेकीचे डोळे या खिडकीवरून त्या खुर्चीवर, त्या खुर्चीवरून या खिडकीवर फिरत राहिले. मग शाळेतल्या मास्तरणीसारखी ती एकाएकी म्हणाली, "हात दाखव."

"काय?"

"दिवसभर गुलाबात होतीस ना? दर वर्षी छाटणी झाली की कोपरापर्यंत ओरबाडलेली असतेस. इथे असताना मीच मलम लावायचे. हात दाखव."

बाईंनी हात काचेला लावले. उजेडात दोन्ही तळवे, दोन्ही मनगटं स्वच्छ दिसली. एक ओरखडा नव्हता. इतके दिवस एकही काटा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. पोचू दिला नव्हता.

आत खुर्चीतलीने आपले हात टेबलावर पसरले. ते रक्ताने भरलेले होते.

"अगं आई गं," लेक कळवळून म्हणाली, आणि तिने खिडकीचा पडदा ओढला.

पडदा पुरता लागला नाही. फटीतून बाईंना दिसत होतं. त्यांनी हाका मारल्या, काच बडवली, दारावर धडका दिल्या. आत कोणी मान वर केली नाही. लेकीने कपाटातून मलम आणलं. खुर्चीपुढे जमिनीवर बसली. एकेका बोटाला हळुवार मलम लावता लावता ती मोठ्याने बोलत होती, माणूस घाबरलं की बोलतं तसं: उद्या निघायचं, नवी खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय, खिडकीत गुलाबसुद्धा लावू. खुर्चीतली मान डोलावत होती.

गॅसवर दूध चढत आलं. लेकीने ते पाहिलं, "थांब हं," म्हणाली आणि उठायला गेली. उठता आलं नाही. तिने खाली पाहिलं. मलमाने माखलेल्या बोटांनी तिचं मनगट धरलं होतं.

लेक हसली. हात हलकेच ओढून पाहिला. मग जोरात ओढला.

दूध उतू गेलं, ओट्यावरून ओघळलं, जमिनीवर ठिबकू लागलं. "सोड ना, आई," लेक म्हणाली. "आई, सोड."